सायकलचा डायनॅमो : दोन दिवे आणि एक तार

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत जनित्राची एक आकृती असते. दोन चुंबकध्रुवांच्या मध्ये तारेचे चौकोनी वेटोळे, त्याला जोडलेली कडी, कड्यांवर टेकलेले ब्रश आणि शेवटी एक बल्ब. विद्यार्थी ही आकृती चांगली काढतात, नावे देतात आणि गुण मिळवितात. पण हेच जनित्र एके काळी आपल्या गावागावांत सायकलच्या चिमट्यावर लटकलेले असे आणि संध्याकाळी घर्रऽऽ असा आवाज करीत रस्त्याने जात असे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

सीताबर्डीच्या मेन रोडवर आज संध्याकाळी उभे राहिले तर हा आवाज ऐकू येण्याची शक्यता फार कमी. लोहापूल ते व्हरायटी चौक या रस्त्यावर दुकानांचा झगमगाट असतो, दुचाक्यांची गर्दी असते, आणि सीताबर्डीला आता मेट्रोचे मोठे स्थानकही आहे. तरीही याच गर्दीत सायकली असतात. दुकान बंद करून घरी निघालेले नोकर, रात्रपाळीचे पहारेकरी, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, शिकवणीहून परतणारे विद्यार्थी यांची ही सायकल हौसेची नसून गरजेची असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर दिवा नसतो. उजळलेल्या बाजारातून हा सायकलस्वार पुढच्या अंधाऱ्या रस्त्याला लागला की मागून येणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने तो जवळजवळ नाहीसाच होतो.

या लेखात सायकलवर डायनॅमोचे दिवे कसे जोडावेत हे आम्ही सांगणार आहोत. मात्र 'ही तार इथे, ती तार तिथे' एवढ्यावर थांबण्याचा विचार नाही. डायनॅमोची जोडणी घड्याळाच्या किंवा विजेरीच्या जोडणीसारखी नसते. विजेरीतील सेल ठरावीक विभवांतर देतो, तर सायकलचा डायनॅमो बराचसा ठरावीक विद्युतधारा देतो. हा एक फरक लक्षात आला तर जोडणीतील बहुतेक सर्व गोष्टी आपोआप समजतात. तो लक्षात आला नाही, तर दिवे पुन्हा पुन्हा का जातात याचा उलगडा होत नाही, आणि सर्वांत आधी जातो तो नेमका सायकलस्वाराला न दिसणारा मागचा दिवा.

बाटलीच्या आत काय असते?

आकारामुळे या डायनॅमोला 'बाटली डायनॅमो' म्हणतात. एखादा निकामी डायनॅमो मिळाला तर तो वर्गात उघडून जरूर दाखवावा. पुस्तकातील आकृतीच्या नेमके उलट दृश्य आत दिसते. वेटोळे जागेवर स्थिर असते आणि चुंबक फिरतो. वरच्या खाचांच्या टोपीला जोडलेल्या दांड्यावर एक लहान दंडगोलाकृती चुंबक बसविलेला असतो. त्याच्या परिघावर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे एकाआड एक ध्रुव असतात. नेहमीच्या नमुन्यात ते आठ, म्हणजे चार जोड्या असतात. भोवती लोखंडी पट्ट्यांचे पंजे आणि त्यांच्या आत बारीक तारेचे शेकडो फेऱ्यांचे वेटोळे.

टोपी टायरच्या कडेला टेकते, टायर तिला फिरवितो आणि पंज्यांसमोरून कधी उत्तर, कधी दक्षिण ध्रुव सरकत जातो. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र सारखे दिशा बदलते आणि वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसच्या इपोलित पिक्सी यांनी हाताने चुंबक फिरविण्याचे यंत्र केले. त्यातही वेटोळे स्थिर आणि चुंबक फिरता होता. वेटोळे स्थिर असल्याचा मोठा फायदा असा, की वीज बाहेर काढण्यासाठी कडी आणि ब्रश लागत नाहीत. झिजणारा भाग कमी, म्हणून यंत्र टिकाऊ आणि स्वस्त.

वेटोळ्याचे एक टोक डायनॅमोच्या बुडाशी असलेल्या स्क्रूला जोडलेले असते. दुसरे टोक आतच धातूच्या आवरणाला जोडलेले असते. म्हणजे 'दुसरी तार' म्हणजे डायनॅमोचे अंगच होय. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

थोडे गणित करू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. टोपीचा व्यास २ सेंटिमीटर धरला तर परीघ ६.३ सेंटिमीटर होतो. टोपी टायरच्या कडेला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागापेक्षा किंचित आतल्या वर्तुळावर टेकते, हे जमेस धरले तर ती सेकंदाला साठाच्या वर फेरे घेते. चुंबकाच्या चार जोड्यांमुळे प्रत्येक फेऱ्यात विजेची चार आवर्तने होतात. म्हणजे वारंवारता सुमारे २५० हर्ट्‌झ. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते. घरच्या विजेपेक्षा पाचपट वेगाने दिशा बदलणारा हा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. काटेकोरपणे पाहिले तर 'डायनॅमो' हे नाव दिष्ट प्रवाह देणाऱ्या यंत्राचे. सायकलवरचे यंत्र प्रत्यावर्ती जनित्र आहे, पण नाव रूढ झाले ते झाले.

वेग दुप्पट झाला तर दिवा का जळत नाही?

आता खरा प्रश्न. चुंबक दुप्पट वेगाने फिरला तर वेटोळ्यातील विद्युतचालक बल दुप्पट होते, हे फॅराडे यांच्या नियमावरून विद्यार्थी सांगतात. मग उतारावर सायकलचा वेग ताशी १५ वरून ३० किलोमीटर झाला की ६ व्होल्टच्या बल्बवर १२ व्होल्ट येऊन तो तत्काळ जळायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. बल्ब थोडा अधिक उजळतो, इतकेच. डायनॅमोत वीज नियंत्रित करणारा कोणताही वेगळा भाग नसतो. मग बल्बला कोण वाचविते?

उत्तर वेटोळ्यातच आहे. वेटोळ्यातून धारा वाहू लागली की तिचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते होणाऱ्या बदलाला विरोध करते. हा लेंझ यांचा १८३४ मधील नियम. बदल जितका जलद, तितका हा विरोध मोठा. याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. वेग दुप्पट झाला की विद्युतचालक बल दुप्पट होते, पण आवर्तनेही दुप्पट जलद होत असल्याने वेटोळ्याचा विरोधही दुप्पट होतो. ढकलणारा आणि अडविणारा दोघेही सारखेच वाढले, तर धारा कशी वाढणार?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नेहमीच्या संचात पुढचा बल्ब ६ व्होल्ट २.४ वॅटचा आणि मागचा ६ व्होल्ट ०.६ वॅटचा असतो. एकूण ३ वॅट. म्हणजे पुढच्या बल्बमधून ०.४ आणि मागच्यामधून ०.१ अँपिअर धारा वाहते. एकूण ०.५ अँपिअर. पेटलेल्या पुढच्या बल्बचा रोध १५ ओहम, मागच्याचा ६० ओहम, आणि समांतर जोडणीत दोघांचा मिळून १२ ओहम. आता समजा ताशी १५ किलोमीटर वेगाला डायनॅमोचे विद्युतचालक बल १०.८ व्होल्ट आणि वेटोळ्याचा स्वयंप्रवर्ती विरोध १८ ओहम आहे. रोध आणि हा विरोध यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून जसा कर्ण काढतात तशी ती करावी लागते. १२ आणि १८ या बाजूंचा कर्ण २१.६ येतो. १०.८ भागिले २१.६, म्हणजे धारा बरोबर ०.५ अँपिअर, आणि दिव्यांवर ६ व्होल्ट.

वेग ३० झाला की विद्युतचालक बल २१.६ व्होल्ट आणि विरोध ३६ ओहम. १२ आणि ३६ यांचा कर्ण सुमारे ३८. धारा ०.५७ अँपिअर आणि दिव्यांवर ६.८ व्होल्ट. वेग तिप्पट, म्हणजे ४५ केला तरी दिव्यांवर ७ व्होल्टच येतात. सायकल विमानाच्या वेगाने पळविली तरी या उदाहरणातील धारा ०.६ अँपिअरच्या पुढे जाणार नाही, कारण १०.८ भागिले १८ हे गुणोत्तर कोणत्याही वेगाला तेच राहते. उलट ताशी ५ किलोमीटर वेगाला विरोध फक्त ६ ओहम असतो, तिथे बल्बचा रोधच वरचढ ठरतो आणि दिव्यांवर जेमतेम ३.२ व्होल्ट येतात. म्हणून सायकल हातात धरून चालताना दिवा लालसर मिणमिणतो.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी चांगल्या डायनॅमोचे वर्तन त्यांच्या अगदी जवळचे असते. हीच त्याची मर्यादा आणि हेच त्याचे नियंत्रण. वेगळा भाग न बसविता, केवळ वेटोळ्याच्या फेऱ्यांची संख्या आणि चुंबकाची ताकद यांची योग्य निवड करून कारागिरांनी हे साधले.

एक दिवा गेला की दुसरा का जातो?

डायनॅमो धारा ठरवितो हे लक्षात घेऊन आता पुढची कल्पना करा. खड्ड्यातल्या हादऱ्याने मागच्या बल्बची तार तुटली. विजेरीत किंवा घरात एक दिवा गेला तर दुसऱ्याला काही होत नाही. इथे मात्र दोघांत वाटली जाणारी धारा एकट्या पुढच्या बल्बच्या वाट्याला येते. वरच्याच उदाहरणातील आकडे वापरले तर ताशी १५ ला त्याच्यावर ६.९ आणि ताशी ३० ला ८.३ व्होल्ट येतात. बल्बचे आयुष्य विभवांतराच्या बाबतीत फार नाजूक असते. विभवांतर ५ टक्क्यांनी वाढले तरी तारेचे आयुष्य सुमारे निम्मे होते. मग १५ किंवा ३८ टक्के वाढीत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

उलट पुढचा बल्ब आधी गेला तर मागच्याची अवस्था आणखी वाईट. ०.१ अँपिअरच्या त्या लहान बल्बवर ताशी १५ ला सुमारे १०, आणि ताशी ३० ला १८ व्होल्ट यायला बघतात. तो एकदा लखकन चमकतो आणि जातो. 'दोन्ही दिवे एकदमच गेले' असे सायकलवाले सांगत, त्याचे कारण हे. दिवे एकदम जात नसत. एक जाई आणि तो दुसऱ्याला घेऊन जाई.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी. मागचा दिवा गेला की पुढचा दिवा अधिक उजळतो. ६ ऐवजी ६.९ व्होल्टवर त्याचा प्रकाश जवळजवळ दीडपट होतो. सायकलस्वाराला वाटते, आज दिवा छान लागला आहे! प्रत्यक्षात त्याच्या मागे अंधार झालेला असतो. म्हणून हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे : पुढचा दिवा अचानक जास्त उजळला तर खूश होऊ नका, आधी थांबून मागचा दिवा पाहा.

मागच्या दिव्याचे मोल एका हिशेबातून कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाने वस्तू पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात ती १७ मीटर पुढे येते. प्रत्यक्ष थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी दहाएक मीटर. म्हणजे सायकल किमान २७ मीटरवरून दिसायला हवी, आणि पावसात त्याहून लांबून. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या परावर्तकांच्या गुणवत्तेसंबंधी आदेश काढला. परावर्तक उपयोगी आहेतच, पण ते दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतात. समोरच्याचा दिवा मंद असेल, किंवा आपल्यावर पडतच नसेल, तर परावर्तक काही करू शकत नाही. स्वतःचा दिवा त्याची वाट पाहत नाही.

एक तार पुरते कशी?

डायनॅमोपासून प्रत्येक दिव्याकडे एकच तार जाते हे पाहून विद्यार्थ्यांना नेहमी प्रश्न पडतो. परिपथ पूर्ण व्हायला दोन तारा लागतात ना? लागतातच. दुसरी तार म्हणजे सायकलचा सांगाडा. डायनॅमोचे अंग सांगाड्याला घट्ट बसविलेले असते, दिव्याचे धातूचे अंगही सांगाड्याला बसविलेले असते, आणि परतीची धारा लोखंडातून जाते. कारागीर याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. इथे एक गैरसमज दूर करावा. जमिनीशी या 'अर्थ'चा काही संबंध नाही. रबरी टायरमुळे सायकल जमिनीपासून विलगच असते. सांगाडा हा फक्त एक जाड वाहक आहे.

सांगाडा वाहक असला तरी त्याच्यावरचा रंग वाहक नाही. म्हणूनच डायनॅमोच्या पट्टीत एक अणकुचीदार स्क्रू असतो. तो रंग भेदून लोखंडात रुतला पाहिजे. पुष्कळदा सायकलचा रंग खराब होऊ नये म्हणून पट्टीखाली रबराचा तुकडा घालतात आणि मग दिवा लागत नाही म्हणून नवा बल्ब आणतात!

जिथे जिथे दोन भाग जोडलेले आहेत तिथे तिथे अडचण येऊ शकते. डायनॅमो मागच्या चाकावर आणि दिवा हँडलवर असेल तर परतीच्या धारेला चिमट्याच्या वरच्या छऱ्यांतून जावे लागते. तिथे ग्रीस असते, छरे हलत असतात, आणि खडबडीत रस्त्यावर दिवा लुकलुकतो. मागचा दिवा मडगार्डवर असतो. मडगार्डला रंग, त्याच्या काड्यांना गंज, स्क्रू सैल. इथे २० ओहमचा जरी रोध निर्माण झाला, तरी ६० ओहमच्या त्या बल्बवर पाऊण विभवांतरच उरते, आणि प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. पुढचा दिवा मात्र नीट चालू असतो, त्यामुळे संशय येत नाही. पुन्हा तोटा मागच्याच दिव्याचा.

यावर उपाय सोपा आहे : दुहेरी तार वापरावी. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०३५ ओहमपेक्षा कमी असतो. जाऊन-येऊन तीन मीटर तार धरली तरी ०.१ ओहम. त्यात वाया जाणारे विभवांतर ०.०५ व्होल्ट, म्हणजे नगण्य. जाड तारेची गरज नाही. गरज आहे ती चांगल्या सांध्यांची.

जोडणी करताना

१. डायनॅमो अशा रीतीने बसवावा की त्याच्या दांड्याची रेषा वाढविली असता ती चाकाच्या आसाच्या मध्यातून जाईल. रेषा तिरकी गेली तर टोपी टायरवर घसटत फिरते, टायर झिजतो आणि पायांना उगाच ओढ बसते.

२. टोपी टायरच्या कडेवर टेकावी, रिमवर नव्हे. डायनॅमो बंद स्थितीत टायरपासून स्पष्ट अंतरावर राहिला पाहिजे.

३. पट्टीचे बोल्ट पाना लावून घट्ट करावेत आणि महिन्यातून एकदा तपासावेत. सैल डायनॅमो तारांमध्ये म्हणजे स्पोकमध्ये गेला तर चाक जागच्या जागी अडकते. पुढच्या चाकाबाबत हे जिवावर बेतू शकते.

४. डायनॅमोच्या बुडाच्या स्क्रूपासून दोन तारा निघतील, एक पुढच्या आणि एक मागच्या दिव्याला. दोन्ही दिवे समांतर जोडणीत. परतीच्या दोन तारा डायनॅमोच्या पट्टीच्या बोल्टखाली, रंग खरवडून, घट्ट बसवाव्यात.

५. हँडलजवळ तारेला थोडा झोल ठेवावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना हे पाहावे. बाकी तार सांगाड्याला लगटून, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी कड्यांनी बांधावी.

६. बल्ब त्याच मापाचेच घ्यावेत. मागच्या ०.६ वॅटऐवजी जास्त वॅटचा बल्ब लावला तर तो पुढच्याची धारा पळवितो. जोडीचा हिशेब ०.४ अधिक ०.१ असाच राहिला पाहिजे.

७. प्रत्यावर्ती प्रवाह असल्याने साध्या बल्बना धन-ऋण असे टोक नसते. दोन तारांची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. मात्र सांगाडाही वापरात असेल तर दिव्याचे अंग आणि बुडाचा स्क्रू यांची गल्लत करू नये. ती झाली तर परिपथ लघुपथित होतो. अशा वेळी डायनॅमो जळत नाही, कारण धारा मर्यादितच असते. दिवे तेवढे लागत नाहीत.

पायांवर किती भार पडतो?

'डायनॅमो लावला की सायकल जड जाते', ही तक्रार खरी आहे. वीज फुकट मिळत नाही. बाटली डायनॅमोत टायरचे घर्षण आणि लोखंडातील ऊर्जाऱ्हास बराच असतो. ३ वॅट विजेसाठी पायांना साधारण ७ ते १० वॅट खर्चावे लागतात. ताशी १५ किलोमीटर वेगाला १० वॅट म्हणजे सुमारे २.४ न्यूटन, अर्थात पाव किलो वजनाएवढी मागे ओढ. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर हजार मीटरला पावणेतीन मीटर चढाचा रस्ता चढण्यासारखे हे आहे. त्रास आहे, पण दिव्याशिवाय जाण्याइतका मोठा नाही. पावसाळ्यात मात्र ओल्या टायरवर टोपी घसरते. टोपीच्या खाचांतला चिखल काढणे किंवा तिच्यावर रबरी टोपण बसविणे, हे त्यावरचे जुने उपाय आहेत.

एल.ई.डी. आणि चौकातील अंधार

डायनॅमोचा मोठा दोष म्हणजे सायकल थांबली की दिवा विझतो. व्हरायटी चौकात सिग्नलला उभे राहिलेल्या सायकलस्वाराला मागच्या दिव्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमका तेव्हाच तो नसतो.

एल.ई.डी.ने या जुन्या यंत्राला नवे आयुष्य दिले आहे. शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एल.ई.डी. तयार केला आणि त्यातून पांढरा एल.ई.डी. शक्य झाला. या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एल.ई.डी.ला ठरावीक विभवांतर नको असते, ठरावीक धारा हवी असते. आणि आपला डायनॅमो तेच तर देतो! एल.ई.डी.साठी इतरत्र धारा मर्यादित ठेवणारे वेगळे परिपथ करावे लागतात. इथे ते काम वेटोळे करते.

चार डायोडचा दिष्टकारी सेतू घ्यावा. त्याच्या पुढे साधारण ३ व्होल्टचे, किमान ०.७ अँपिअर सहन करणारे दोन पांढरे एल.ई.डी. एकसर जोडावेत. ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावेत, म्हणजे उष्णता निघून जाते. साध्या सिलिकॉन डायोडच्या सेतूत सुमारे १.४ व्होल्ट वाया जातात, शॉटकी डायोड वापरले तर त्याच्या निम्मेच. जुन्या २.४ वॅटच्या बल्बच्या तुलनेत प्रकाश सुमारे दहापट मिळतो. मागच्या दिव्यासाठी लाल एल.ई.डी.ला ५ मिलिअँपिअर पुरतात. त्याच्याबरोबर १ फॅरडचा मोठा धारित्र लावला आणि त्याचे विभवांतर २ व्होल्टने उतरू दिले, तर २ कूलोम प्रभार मिळतो, म्हणजे ४०० सेकंद, साडेसहा मिनिटे प्रकाश. कोणताही सिग्नल एवढा वेळ लाल राहत नाही.

एक सावधगिरी हवी. सेतूच्या दिष्ट बाजूची ऋण तार सांगाड्याला जोडू नये. डायनॅमोचे एक टोक आधीच सांगाड्याला आहे. दोन्ही जोडले तर सेतूतील एक डायोड निकामी ठरतो आणि अर्धे आवर्तन फुकट जाते. एल.ई.डी. लावताना दुहेरी तार आवश्यकच समजावी. हे सुटे भाग महाग नसतात. नागपुरात सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ते पाहता येतील. डायनॅमो मात्र जुन्या सायकलवाल्याकडे किंवा घरच्या अडगळीत शोधावा लागेल.

वर्गात करून पाहण्यासारखे

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करावी. डायनॅमोला बल्बऐवजी १५ ओहम आणि ५६ ओहम, प्रत्येकी ५ वॅटचे रोध समांतर जोडावेत, म्हणजे बल्ब जाण्याची भीती नाही. मल्टीमीटर प्रत्यावर्ती विभवांतरावर लावावा. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असल्याने ताशी १५ किलोमीटर म्हणजे दहा सेकंदांत १९ फेरे. चाकाच्या व्हॉल्व्हवर पांढरा कागद चिकटवून ते मोजता येतात. ५, १५, २५ किलोमीटर वेगांना विभवांतर नोंदवून आलेख काढावा. मूळबिंदूतून सरळ वर जाणारी रेषा न येता ती पुढे आडवी होत जाते. का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. मग ५६ ओहमचा रोध काढून, नंतर तो ठेवून १५ ओहमचा काढून, तेच मोजावे. 'एक दिवा गेला की काय होते' ते आकड्यांत दिसेल.

दुसरा प्रयोग वेळेचा. चाकाला सारखाच वेग देऊन ते थांबायला लागणारा वेळ तीनदा मोजावा : डायनॅमो टायरपासून दूर असताना, टेकलेला पण तार काढलेली असताना, आणि तार जोडलेली असताना. तार काढली तरी चाक लवकर थांबते, याचे कारण घर्षण आणि लोखंडातील ऱ्हास. तार जोडल्यावर ते आणखी लवकर थांबते. तो फरक म्हणजे बल्बमध्ये गेलेली ऊर्जा.

आणि तिसरे काम, प्रयोग न म्हणता पाहणी म्हणावी. शाळा सुटताना सायकल स्टँडवर उभे राहून किती सायकलींना मागे दिवा किंवा निदान परावर्तक आहे, ते विद्यार्थ्यांनी मोजावे. ज्यांना नाही, त्यांपैकी एका सायकलवर वर्गाने मिळून दिवा बसवावा. कोणाच्या सायकलवर आधी, हे ठरविताना जो विद्यार्थी सर्वांत उशिरा आणि सर्वांत अंधाऱ्या रस्त्याने घरी जातो, त्याचा विचार पहिला व्हावा.